सुटी वायर आधी कुठली ते बघा

मागच्या अंकात घरच्या लॅपटॉपवर लिनक्स कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कसा बिल्ड करायचा, म्हणजे कोडापासून चालणारा प्रोग्रॅम कसा बनवायचा, ते लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं एकाच ठिकाणी अडकलेली निघाली. बिल्ड होतो, पण मध्येच कंपायलर (कोडाचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) सांगतो की अमुक फंक्शन लिहिलंय आणि ते वापरत कुणीच नाही. म्हणून या महिन्याचं सदर त्या एका वॉर्निंगसाठी. कोडमधली नावं नेहमीप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. कीबोर्डवर ती मूळ रोमन अक्षरांतच टाकायची, अंडरस्कोअर आणि कॅपिटल-स्मॉल सांभाळून.

प्रश्न : ताई, मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी जमिनीतला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचा ड्रायव्हर (उपकरण कर्नेलशी जोडणारा कोड) लिहायलोय. बिल्ड करताना एका फंक्शनबद्दल 'डिफाइन्ड बट नॉट यूज्ड' असं येतं. मित्र म्हणाला, फंक्शनच्या नावाआधी __मेबी_अनयूज्ड लिही, वॉर्निंग जाते. लिहिलं, आणि गेली. पण सरांनी 'कामून लिहिलं' विचारलं तर सांगायला माझ्याकडं काहीच नाही. हे बरोबर केलं का?
(एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : तो शब्द लिहायच्या आधीचं एक काम राहून गेलं, बाळा. ते सांगते.

माझे वडील परभणीत मोटार रिवाइंडिंगचं काम करायचे. रब्बीच्या तोंडावर दुकानापुढं जळालेल्या मोटारी आणि स्टार्टर ओळीनं ठेवलेले असायचे. स्टार्टरची पेटी उघडली की आत बऱ्याचदा एखादी वायर सुटी लोंबत असायची. मी दहा-अकरा वर्षांची. टेप घेऊन पुढं व्हायचे, की तिचं तोंड बंद करून टाकू. वडील हात धरायचे. "आधी बघ ती कुठली हाय." मग तिचा माग काढायचा. कधी ती काढून टाकलेल्या जुन्या दिव्याची निघायची, आता तिचं काहीच काम नाही, मुळापासून काढायची. कधी ती एक फेज गेला की मोटार बंद करणाऱ्या सिंगल फेज प्रिव्हेंटरसाठी असायची. या शेतकऱ्यानं प्रिव्हेंटर बसवलेला नाही, उद्या बसवला तर लागेल, म्हणून टेप लावून जपून ठेवायची. आणि कधी ती जादा भार आला की मोटार बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेची असायची. टर्मिनलवरून निसटलेली, मग कुणीतरी कॉइल थेट जोडून मोटार चालवलेली, आणि म्हणूनच मोटार जळून आमच्या दारात आलेली. टेप या तिन्ही वायरींवर सारखीच बसते. ती लावली की तिघींतला फरक दिसेनासा होतो.

तुझ्या मित्रानं सुचवलेला शब्द म्हणजे ती टेप. ती वाईट नाही, कर्नेलमध्ये हजारो ठिकाणी ती रीतसर लावलेली आहे. पण कुठल्या वायरीवर लावतोय ते आधी माहीत पाहिजे.

आता कंपायलर हे नेमकं कशावरून सांगतो ते बघ. सी भाषेत फंक्शनच्या आधी 'स्टॅटिक' लिहिलं की ते नाव त्या फाइलपुरतंच राहतं. फाइल संपेपर्यंत त्या नावाचा कुठंच उल्लेख सापडला नाही, तर कंपायलर खात्रीनं बोलू शकतो. स्टॅटिक नसलेल्या फंक्शनबद्दल तो गप्प बसतो, कारण दुसऱ्या फाइलमधून त्याला कुणी बोलावत असेल तर ते त्याला तिथून दिसत नाही. मात्र ही खात्री त्या एका फाइलची आणि तू निवडलेल्या कॉन्फिगचीच, म्हणजे बिल्डआधी चालू-बंद केलेल्या पर्यायांचीच, असते. कर्नेलमध्ये कॉन्फिगचे हजारो पर्याय आहेत. त्यातला एखादा बंद असला तर फंक्शनला बोलावणारी ओळच कोडातून गळून जाते, आणि फंक्शन मागं एकटं उरतं.

म्हणून पहिली तपासणी ही: ज्या पर्यायाशी फंक्शनचा संबंध आहे तो एकदा चालू करून बिल्ड कर, एकदा बंद करून. बंद असतानाच वॉर्निंग येत असेल तर ती प्रिव्हेंटरची वायर. दोन्ही वेळा येत असेल तर ते फंक्शन एक तर मेलेलं आहे, नाही तर जोडायचं राहिलंय. या दोघांतलं कुठलं, ते कंपायलर सांगू शकत नाही. तिथं तुलाच कोड वाचावा लागेल.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. वाळूजच्या एका कंपनीत मी ड्रायव्हर लिहायची. हवामानाच्या नोंदी घेणारा एक डबा आम्ही बनवत होतो, शेतात खांबावर बसणारा, बॅटरी आणि छोट्या सोलर पॅनलवर चालणारा. नोंद झाली की झोपायचं, पंधरा मिनिटांनी उठून पुन्हा नोंद घ्यायची. ड्रायव्हरमध्ये झोपवायला सस्पेंड आणि उठवायला रिझ्यूम अशी दोन फंक्शनं होती. ज्या टेबलात ती दोन नावं भरायची, तिथं दोन्ही जागी मी सस्पेंडचंच नाव लिहिलं. कॉपी-पेस्ट. कंपायलरनं त्याच दिवशी सांगितलं होतं की रिझ्यूम कुणी वापरत नाही. झोपेच्या फंक्शनांबाबत ही वॉर्निंग नेहमीच येते, अशी माझी समजूत होती. मी __मेबी_अनयूज्ड लावलं आणि पुढं गेले.

जालन्याजवळच्या एका शेतातला डबा मग सलग तीन दिवस एकच तापमान दाखवत राहिला. पहिल्या झोपेनंतर सेन्सर जागाच होत नव्हता, रजिस्टरमध्ये उरलेला शेवटचा आकडा तेवढा परत परत येत होता. आम्ही बॅटरी बदलली. वायरीची लांबी कमी केली. पुल-अपचे रेझिस्टर बदलून बघितले. नऊ दिवस गेले. शेवटी फाइलमधले सगळे __मेबी_अनयूज्ड काढून, झोपेचा पर्याय चालू ठेवून बिल्ड केला, तेव्हा तीच वॉर्निंग पुन्हा समोर आली. झोपेचा पर्याय चालू असूनही रिझ्यूम कुणी वापरत नाही, हे वाचल्यावर टेबल उघडायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तेव्हा तुझ्या फंक्शनचा आधी माग काढ. ते मेलेलं असेल तर सरळ हटव. 'पुढं कधी लागेल' म्हणून ठेवू नकोस, गिटच्या, म्हणजे कोडातले बदल जपणाऱ्या साधनाच्या, इतिहासात ते राहतंच. जोडायचं राहिलं असेल तर जोड, आणि तुझा प्रोजेक्ट वाचला म्हणून कंपायलरचे आभार मान. फक्त काही कॉन्फिगमध्येच निरुपयोगी होत असेल, तर आणि तरच तो शब्द लिही. कर्नेलच्या कोडिंग स्टाइलच्या दस्तऐवजात हेच आहे: काही कॉन्फिगमध्ये न वापरलं जाणारं फंक्शन __मेबी_अनयूज्ड म्हणून खूण करा, आणि कधीच वापरलं जात नसेल तर काढून टाका. सरांना हेच उत्तर दे.

तीन पळवाटा तुझे मित्र अजून सुचवतील, त्याही सांगून ठेवते. पहिली, 'स्टॅटिक' शब्द काढून टाकणं. ही वॉर्निंग जाईल, पण ६.८ पासून कर्नेल बिल्डमध्ये दुसरी एक वॉर्निंग सगळीकडं चालू आहे, ती म्हणेल की या फंक्शनचा प्रोटोटाइप, म्हणजे त्याची आधीची घोषणा, कुठं आहे. दुसरी, 'इनलाइन' जोडणं. न वापरलेल्या स्टॅटिक इनलाइन फंक्शनबद्दल जीसीसी हा कंपायलर बोलत नाही, त्यामुळं गप्प होईल. क्लँग हा दुसरा कंपायलर मात्र सी फाइलमधली अशी फंक्शनं ओळखतो, आणि २०१९ मध्ये कर्नेलच्या बिल्डमध्ये त्याला ती दाखवू देण्याची सोय आली. म्हणजे मेलेलं फंक्शन लपवलं तरी कधी ना कधी कुणाला तरी दिसणारच. तिसरी, कुठंतरी व्हॉइड कंसात घालून फंक्शनचं नाव नुसतं लिहून ठेवणं. ती ओळ पुढं वाचणाऱ्याला काय सांगते? काहीच नाही.

आणि __यूज्ड नावाचा दुसरा एक शब्द आहे, त्याच्याशी गल्लत करू नकोस. फंक्शनला फक्त असेंब्लीतून हाक जाते, सी च्या कोडात तिचा मागमूस नाही, अशा वेळी 'तुला दिसत नसलं तरी हे टाकून देऊ नकोस' असं कंपायलरला सांगायला तो आहे. ओलाव्याच्या सेन्सरला तो लागणार नाही.

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझं माहेर उदगीर, नोकरी पुण्यात. आमच्या ड्रायव्हरमध्ये झोपेचा पर्याय बंद केला की सस्पेंड आणि रिझ्यूम दोन्हींवर वॉर्निंग येते, चालू केला की येत नाही. सिनियर म्हणतात इफडेफ लावा. दुसरे म्हणतात __मेबी_अनयूज्ड लावा. मी दुसरं केलं आणि पॅच (केलेल्या बदलाची फाइल) पाठवला, तर मेंटेनरनी (कर्नेलचा तो भाग सांभाळणाऱ्यांनी) नवीन मॅक्रो वापरा म्हणून परत पाठवला. तिघांत बरोबर कोण?
(एक वाचक, उदगीर / पुणे)

उत्तर : मेंटेनर. पण बाकीचे दोघंही आपापल्या काळात बरोबर होते, म्हणून क्रमानं सांगते.

सस्पेंड-रिझ्यूमची नावं ज्या टेबलात जातात ते भरायला जुना मॅक्रो (कोडात स्वतःच्या जागी दुसरा मजकूर भरणारं नाव) होता सेट_सिस्टम_स्लीप_पीएम_ऑप्स. झोपेचा पर्याय, म्हणजे कॉन्फिग_पीएम_स्लीप, बंद असला की हा मॅक्रो रिकामा होतो, म्हणजे तुमची दोन्ही नावं कंपायलरच्या आधी कोड चाळणारा प्रीप्रोसेसरच गिळून टाकतो आणि कंपायलरच्या कानावर ती पडतच नाहीत. फंक्शनं मात्र खाली जशीच्या तशी लिहिलेली. वॉर्निंग येणारच.

यावरचा सगळ्यात जुना इलाज इफडेफ. दोन्ही फंक्शनांभोवती कुंपण घालायचं, पर्याय चालू असेल तरच आतला कोड कंपायलरकडं जाईल असं. दिसायला सोपं, पण या कुंपणानं कर्नेलमध्ये जेवढ्या वॉर्निंग मिटवल्या असतील तेवढ्याच नव्या पेरल्याही असतील, असं माझं मत आहे. कारण कुंपणाचा पर्याय आणि मॅक्रोमधला पर्याय तंतोतंत एक असावा लागतो. कॉन्फिग_पीएम आणि कॉन्फिग_पीएम_स्लीप ही दोन वेगळी नावं आहेत. यंत्र पूर्ण झोपत नाही पण चालू असताना न लागणारे भाग तेवढे बंद ठेवतं, असं असलं तर पहिलं चालू आणि दुसरं बंद असू शकतं. कुणी फंक्शनाभोवती कॉन्फिग_पीएम चं कुंपण घातलं आणि टेबल स्लीपच्या मॅक्रोनं भरलं, तर नेमकी याच जोडीत वॉर्निंग येते. तसं लिहिणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर दोन्ही चालू असल्यामुळं त्याला ती कधी दिसलेलीच नसते. उलटी चूक झाली तर वॉर्निंगवर भागत नाही, बिल्डच मोडतो. शिवाय सस्पेंडनं बोलावलेलं छोटं मदतीचं फंक्शन असेल तर त्यालाही कुंपण, त्यानं बोलावलेल्याला आणखी कुंपण. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुंपणाच्या आतला कोड बंद कॉन्फिगमध्ये कंपायलर वाचतच नाही. आत सेमिकोलन राहिला असला तरी कळत नाही.

__मेबी_अनयूज्ड मध्ये यातलं बरंचसं टळतं. कोड प्रत्येक कॉन्फिगमध्ये वाचला जातो आणि मदतीच्या फंक्शनांना वेगळी खूण लागत नाही, कारण त्यांना हाक मारणारं कुणीतरी दिसतंय. पण आधीच्या उत्तरात माझ्या हवामानाच्या डब्याचं सांगितलं, तो धोका राहतो. टेबलात नाव भरायचं राहिलं तरी सगळं शांत.

मेंटेनर म्हणतायत ती पद्धत ५.१७ मध्ये आली, मार्च २०२२ ला. टेबल बनवायचं डिफाइन_सिंपल_डेव्ह_पीएम_ऑप्स नं, आणि ड्रायव्हरच्या रचनेत ते जोडताना पीएम_स्लीप_पीटीआर मधून जोडायचं. हा दुसरा मॅक्रो आतून इतकंच करतो: पर्याय चालू असेल तर टेबलाचा पत्ता दे, नसेल तर नल, म्हणजे रिकामा पत्ता. पण ही निवड प्रीप्रोसेसर करत नाही, साध्या सी च्या अटीत होते. म्हणजे पर्याय बंद असला तरी कंपायलर टेबल बघतो, टेबलातली दोन्ही नावं बघतो, फंक्शनांची प्रत्येक ओळ तपासतो, आणि मग अट कधीच खरी होणार नाही हे ओळखून सगळंच टाकून देतो. वॉर्निंग नाही, मेमरीत एक बाइटही नाही, इफडेफ नाही, खूण नाही. आणि टेबलात रिझ्यूम भरायचं विसरलात तर कंपायलर लगेच बोलतो, कारण त्याच्या तोंडावर टेप लावलेली नाही. मला हा बदल मनापासून आवडतो. आम्हाला तो नऊ दिवसांच्या आधी मिळाला असता तर!

पॅच दुरुस्त करताना तीन गोष्टी सांभाळा. दोन्ही फंक्शनांवरचे __मेबी_अनयूज्ड काढा, नाही तर अर्धा फायदा गेला. झोपेचा पर्याय बंद करून तपासायला मेन्यूमध्ये कॉन्फिग_पीएम_स्लीप शोधत बसू नका. तो हातानं बंद होत नाही, सस्पेंड आणि हायबरनेशन या दोघांवर तो उभा आहे, तेव्हा त्या दोन्ही बंद करा आणि मग कॉन्फिगच्या फाइलमध्ये तो खरंच गेला का ते बघा. आणि कंपनीच्या बोर्डवर ५.१० वगैरे जुना कर्नेल असेल तर हे मॅक्रो तिथं नाहीत. तिथं __मेबी_अनयूज्ड च ठेवा, सिनियरशी वाद नको.

याच जातीची एक गोष्ट तुमच्या ड्रायव्हरमध्ये बहुधा असेलच. डिव्हाइस ट्रीच्या (बोर्डवर कोणती उपकरणं आहेत ते सांगणाऱ्या यादीच्या) नावांचं टेबल ऑफ_मॅच_पीटीआर मधून जोडलेलं असतं. कॉन्फिग_ओएफ बंद झालं की तो मॅक्रो नल होतो आणि टेबल बेवारस. तिथं इलाज अगदी सोपा आहे, मॅक्रो काढा आणि टेबलाचं नाव थेट लिहा. काही बाइट जातील, जाऊ द्या.

सगळीकडं असे तयार मॅक्रो नसतात. एखादं फंक्शन फक्त डीबगएफएस (दोष शोधायची सोय) चालू असतानाच लागतं, अशा ठिकाणी बोलावणाऱ्या ओळीभोवतीचं इफडेफ काढून साध्या 'इफ' मध्ये इज_एनेबल्ड लिहा. तत्त्व तेच. फक्त त्या 'इफ' च्या आत अशी नावं नकोत जी पर्याय बंद असताना अस्तित्वातच नसतात, उदाहरणार्थ स्ट्रक्चरमधलं इफडेफमध्ये टाकलेलं एखादं फील्ड. तसं असेल तर इफडेफला पर्याय नाही आणि तिथं ते लावण्यात काही कमीपणाही नाही.

प्रश्न : अंबाजोगाईला पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. विद्यार्थ्यांनी एका हेडर फाइलमध्ये एक रिकामं फंक्शन घातलं आणि चाळीसेक फाइलींमधून एकच वॉर्निंग यायला लागली. एका ओळीनं एवढा गोंधळ कसा?
(एक अध्यापक, अंबाजोगाई)

उत्तर : सर, त्या ओळीत 'स्टॅटिक' आहे आणि 'इनलाइन' नाही, एवढंच बघा. पर्याय बंद असताना बिल्ड मोडू नये म्हणून हेडरमध्ये रिकामं फंक्शन ठेवतात, ते बरोबर. पण हेडर ज्या-ज्या फाइलीत शिरतो तिथं त्या फंक्शनची वेगळी प्रत तयार होते, आणि ज्या फाइलीत त्याला हाक जात नाही तिथं प्रत्येक वेळी कंपायलर तक्रार करतो. 'स्टॅटिक इनलाइन' लिहिलं की चाळीसही जातील. नांदेडच्या विद्यार्थ्याला मी इनलाइनची पळवाट नको म्हटलं ती सी फाइलीपुरती. हेडरमध्ये तोच शब्द अगदी योग्य जागी आहे, आणि विद्यार्थ्यांना हा फरक वर्गात मुद्दाम दाखवावा असं सुचवते.

प्रश्न : मी जालन्याला औद्योगिक कंट्रोलर बनवणाऱ्या ठिकाणी काम करतो. वॉर्निंग म्हणजे काही एरर नाही, प्रॉडक्ट चालतं. मी मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) ही वॉर्निंगच बंद करून टाकली आहे. न वापरलेलं फंक्शन जागा खातं म्हणावं, तर इमेजचा (तयार झालेल्या कर्नेल फाइलचा) आकार तेवढाच राहिला. मग नुकसान काय?
(एक वाचक, जालना)

उत्तर : आकाराबद्दलचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. ऑप्टिमायझेशन चालू असताना, आणि कर्नेल नेहमी तसाच बिल्ड होतो, हाक नसलेलं स्टॅटिक फंक्शन कंपायलर स्वतःच टाकून देतो. जागेसाठी ही वॉर्निंग मिटवायची असं कुणी सांगत असेल तर ते कारण चुकीचं आहे.

नुकसान वर आलेलंच आहे, नऊ दिवसांचं. तुम्ही तर एका फंक्शनवर नाही, सबंध पेटीवर टेप गुंडाळली आहे दादा. तुमच्या कंट्रोलरला जोडलेल्या यंत्रापाशी माणसं उभी राहतात. एखादं बंद करायचं फंक्शन, एखादं एरर आल्यावर मोटार थांबवायचं फंक्शन लिहून ठेवलंय आणि जोडायचं राहिलंय, हे तुम्हाला फुकटात सांगणारा एकच जण होता.

मेकफाइलमधली ती ओळ आज काढा. शंभर वॉर्निंग आल्या तरी घाबरू नका, बहुतेक पंधरा-वीस मिनिटांत हटवण्याजोग्या मेलेल्या फंक्शनांच्या असतील. उरतील त्या एकेक करून बघा. सगळ्या संपल्या की कॉन्फिग_वेरर चालू करा. २०२१ साली ५.१५ मध्ये आलेला हा पर्याय प्रत्येक वॉर्निंगला एरर बनवतो. वॉर्निंग शून्य असतील तरच नवी आलेली डोळ्यांत भरते. शंभरात एकशे एकावी कोण बघणार?

प्रश्न : मॅडम, मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावातून लिहितेय. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, दुसरं वर्ष. मामांचा जुना लॅपटॉप आहे, चार जीबी रॅम. गावात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. तुमचा मागचा लेख वाचून कर्नेल घेतला आणि एका आर्द्रतेच्या सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये मला एक न वापरलेलं फंक्शन सापडलं. ते काढायचा पॅच मी पाठवू शकते का? माझं इंग्रजी कच्चं आहे. हसतील का?
(एक विद्यार्थिनी, हिंगोली जिल्हा)

उत्तर : पाठवू शकतेस, पाठवच. तू सोबत जोडलेला कोड मी वाचला. फंक्शन खरंच मेलेलं दिसतंय, पण 'दिसतंय' वर पॅच जात नाही. गिट लॉगला कॅपिटल एस हा पर्याय देऊन फंक्शनचं नाव शोध. ते नाव ज्या-ज्या बदलांत वाढलं किंवा घटलं तेवढेच बदल तो दाखवेल. त्यातल्या कुठल्या तरी एका बदलात शेवटची हाक काढलेली सापडेल. तो बदल नीट वाच. ज्यानं काढली त्यानं जाणूनबुजून काढली, की दुसरं काही बदलताना ती गेली? जाणूनबुजून असेल तर तुझा पॅच बरोबर आहे. चुकून गेली असेल तर तुला त्याहून मोठी गोष्ट सापडली, मग फंक्शन हटवायचं नाही, हाक परत आणायची. फंक्शन हटवलंस की फक्त त्यातच वापरलेलं आणखी एखादं स्टॅटिक फंक्शन उघडं पडेल, म्हणून पुन्हा बिल्ड करून बघ. रजिस्टरच्या नंबरांच्या व्याख्या मात्र ठेव. त्या आता कुणी वापरत नसलं तरी त्या चिपची ओळख सांगतात, पुढच्याला उपयोगी पडतात.

लॅपटॉपची काळजी करू नकोस. आख्खा कर्नेल बिल्ड करायची गरजच नाही. मेकला, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या आज्ञेला, त्या ड्रायव्हरच्या फोल्डरचा पत्ता शेवटी तिरक्या रेघेसकट दिलास की तेवढंच फोल्डर बिल्ड होतं. पहिल्यांदा तयारीला वेळ लागेल, नंतर काही सेकंदांचं काम. सोबत डब्ल्यू=१ दे म्हणजे जास्तीच्या वॉर्निंगही दिसतील. वेगवेगळ्या कॉन्फिगमध्ये तपासायला रँडकॉन्फिग वापर, तो पर्याय अंदाधुंद चालू-बंद करून देतो. पण त्यानं तुझी आधीची कॉन्फिग फाइल पुसली जाते, म्हणून कॅपिटल ओ नं वेगळं आउटपुट फोल्डर दे. तुझा ड्रायव्हर त्या रँडकॉन्फिगमध्ये चालू आहे ना, हे आधी बघ. नाही तर काहीच कंपाइल न होता सगळं छान वाटेल. जमलं तर एकदा जीसीसीनं आणि एकदा क्लँगनं.

लाइट गेली आणि लॅपटॉपची बॅटरीही उतरत आली तर बंद पडायची वाट बघू नकोस, कंट्रोल-सी दाबून मेक थांबव. परत चालू केलंस की झालेलं काम सोडून पुढचं तो उचलतो. अचानक बंद पडला तर अर्धवट लिहिलेली एखादी ऑब्जेक्ट फाइल मागं राहू शकते आणि मग भलत्याच एरर येतात. तसं झालं तर क्लीन करून पुन्हा सुरुवात कर.

इंग्रजीबद्दल. कर्नेलच्या पॅचमध्ये वाङ्मय लागत नाही, तीन वाक्यं लागतात. कोणत्या कंपायलरनं कोणत्या कॉन्फिगमध्ये कोणती वॉर्निंग दिली. ती का येते, म्हणजे शेवटची हाक कोणत्या बदलात गेली. आणि पॅच काय करतो. पहिल्या दोन गोष्टी तू शोधलेल्या असतील तर वाक्यातली चूक कुणी काढत बसत नाही. जगभरातून इंग्रजी मातृभाषा नसलेली माणसं तिथं रोज लिहितात. वॉर्निंगची ओळ जशीच्या तशी चिकटव, तीच तुझी सगळ्यात चांगली इंग्रजी. खाली फिक्सेस म्हणून त्या जुन्या बदलाच्या क्रमांकाची पहिली बारा अक्षरं आणि त्याचं शीर्षक, आणि साइन्ड-ऑफ-बाय म्हणून तुझं नाव. तुझ्याकडं तो सेन्सर नाही, तेव्हा 'फक्त कंपाइल करून पाहिलं आहे' हे स्पष्ट लिही. ते लपवलं तर विश्वास जातो, सांगितलं तर कुणालाही काही वाटत नाही.

पाठवण्याआधी पॅचची मांडणी तपासणारा चेकपॅच चालव, आणि कुणाला पाठवायचं ते गेट_मेंटेनर ला विचार. दोन्ही स्क्रिप्ट तुझ्याकडं कर्नेलसोबतच आलेल्या आहेत. ब्राउझरमधल्या मेलमध्ये पॅच चिकटवू नकोस, कोडातली टॅबची मोकळी जागा मोडते आणि पॅच लागत नाही. गिट सेंड-ईमेल बसवून घे, आणि पहिला मेल स्वतःलाच पाठवून तो पॅच परत लागतो का ते बघ.

अशाच आणखी वीस फंक्शनांचे पॅच एकदम पाठवायचा मोह होईल. आत्ता एकच पाठव. किमान आठवडाभर थांब, तोवर आठवण करायची नाही. बदल सुचवले तर ज्या ओळीवर शेरा आहे तिच्या खालीच उत्तर लिही, दुरुस्त करून शीर्षकात व्ही२ लावून पाठव आणि काय बदललं ते तीन डॅशच्या खाली नोंदव. आणि पाठवण्याआधी माझी नजर हवी असेल तर पॅचची फाइल या सदराच्या पत्त्यावर टाक. रविवारी सकाळी मी पत्रं वाचते, तुझं आधी उघडेन.